हेलियमला खंडेनवमीची सुट्टी

मी पीएच.डी. कशात करते आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं. समोरच्या किराणा दुकानदाराच्या मते मी फुग्यात भरायच्या गॅसवर काम करत होते. शेजारच्या काकूंनी कुठूनतरी अणू हा शब्द ऐकला होता आणि तेव्हापासून आमच्या भिंतीला लागून असलेलं आपलं देवघर दुसरीकडं हलवावं का, अशा विचारात त्या होत्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, विचारणाऱ्याला एवढंच सांगायचे की पोरगी कंप्युटरमधे दगडावर हवा आपटून बघती. हे ऐकून मला फार राग यायचा. मला राग तसा कशानंही येतो. आमच्या घरात त्याचं खापर सोलापुरातल्या उन्हावर फोडायची पद्धत आहे.

आता खरं काय ते सांगते. लिथियम फ्लोराइड नावाचा एक स्फटिक असतो, दिसायला खडेमिठासारखा. त्याच्या गुळगुळीत अंगावर हेलियमचे अणू हळूच सोडायचे. चेंडू सोडला तर तो एका दिशेला उसळेल. पण अणू इतका लहान की तो चेंडूसारखा वागतच नाही, लाटेसारखा वागतो. आणि स्फटिकाचं गुळगुळीत अंगही त्या लाटेला आमच्या कारखान्यावरच्या पन्हाळी पत्र्यासारखं लागतं, कारण त्यावर अणूंच्या ओळी असतात, एक उंचवटा, एक खळगा. त्यावर आपटून लाट परत फिरते ती ठरावीक दिशांनाच. आलेखावर त्या दिशांना टोकदार शिखरं दिसतात. एक मधे, बाजूला दोन, आणि त्यांच्या पलीकडं असलीच तर आणखी दोन बुटकी.

हा प्रयोग खरोखर करायचा तर हवा पूर्ण काढून टाकलेलं भलंमोठं यंत्र लागतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, तिथं निर्वात पोकळी रोज कुठून आणणार. म्हणून मी तो कंप्युटरमधे करत होते. स्फटिक खोटा, हेलियम खोटा, नियम तेवढे खरे.

कंप्युटर होता अप्पांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे घराची पुढची मोठी खोली. तिथं अप्पा शाळांचे गणवेश शिवून घेतात. खोलीत शिलाईच्या मशिनी, एक ओव्हरलॉक, कापडाचे तागे आणि कोपऱ्यात मी. मला तिथं जागा मिळाली याचं कारण इन्व्हर्टर तिथं होता. कंप्युटर सुटे भाग जमवून जुळवलेला. त्याच्या पंख्यात निळ्या गणवेशाचे तंतू अडकायचे आणि मग तो दम लागल्यासारखा आवाज करायचा. अप्पा मशिनींना तेल घालता घालता त्याच्याकडंही काळजीनं बघायचे. एकदा त्यालाही तेल घालायला निघाले होते, मी वेळेवर पोचले.

माझी घाई समजायची तर माझी नोकरी सांगायला हवी. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की आपणही सुट्टे. कायम जागेची मुलाखत पुढं दिसत होती, पण पदवी हातात नसेल तर त्या दारात उभंही करत नाहीत. मुदतवाढ घेऊन झाली होती. दसऱ्यानंतर लगेच शेवटचं सादरीकरण होतं, बाहेरगावचे परीक्षक येणार होते. ते झालं नाही तर नोंदणीच रद्द. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी.

आणि त्याच सुमारास माझ्या आलेखावर पाच उंच शिखरं उगवली.

नियमानं कडेची दोन बुटकी असायला हवीत. माझी ताठ उभी होती. माझे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर, आलेख बघून खुर्चीतून उठले. आमचे सर सहसा उठत नाहीत, शिपाई पाण्याचा ग्लास हातात देईपर्यंत वाट बघतात. ते म्हणाले, कडेची शिखरं एवढी उंच आजवर कुणाला मिळाली नसावीत, हे मोठं काम आहे. फक्त एकदा आणखी बारीक जाळीवर हिशेब चालवून खात्री करू, आणि तेच सादर करू.

मी घरी येऊन सांगितलं. अप्पांना एवढं समजलं की शिखरं तीन मिळायची तिथं पाच मिळाली. धंद्यातल्या माणसाला याहून जास्त समजावं लागत नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत गल्ली डोक्यावर घेतली आणि सादरीकरणाच्या दिवसासाठी पेढ्यांची ऑर्डर देऊन टाकली.

जाळी म्हणजे हिशेबासाठी जागेचे पाडलेले चौकोन, जितके बारीक तितका हिशेब अचूक आणि तितकाच वेळखाऊ. बारीक जाळीचा हिशेब मी घटस्थापनेच्या आधी चालू केला. दिवसरात्र चालला असता तर सादरीकरणाच्या आदल्या दिवशी संपला असता. कंप्युटरवर मी कागद चिकटवला, ‘चालू आहे. हात लावू नये.’ अप्पांनी तो चष्मा लावून वाचला, मान डोलावली, आणि शिवणाऱ्या बायकांनाही वाचून दाखवला.

खंडेनवमीच्या सकाळी मी सरांकडं सादरीकरण दाखवायला गेले. परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कारखान्यातून मशिनींचा आवाजच येत नव्हता. आत गेले. सगळ्या मशिनी धुऊनपुसून लख्ख, प्रत्येकीच्या मानेवर विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि झेंडूची माळ. कात्र्या एका ओळीत मांडलेल्या, त्यांनाही विभूती. स्कूटर आत आणलेली, तिच्या चाकाखाली लिंबू. आणि कोपऱ्यात माझा कंप्युटर. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे, डब्याला माळ, ‘हात लावू नये’ या कागदावर हळदकुंकू, आणि भिंतीतून काढलेली वायर नीट गुंडाळून शेजारी ठेवलेली.

आमच्या घरात खंडेनवमीला एकही यंत्र चालत नाही. वर्षभर ज्यांनी पोट भरलं त्यांच्याकडून एक दिवस काम घ्यायचं नाही, हा अप्पांचा नेम. यातून मिक्सरही सुटत नाही. अव्वा, म्हणजे आई, त्या दिवशी शेंगाची चटणी खलबत्त्यात कुटते आणि कुटताना अप्पांबद्दल कानडीत बोलते. अप्पांना कानडी तिच्याइतकीच येते, पण त्या दिवशी ती येत नाही असं ते दाखवतात. हे सगळं मला जन्मापासून ठाऊक. तरी त्या नेमात माझा कंप्युटर बसेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या मते तो यंत्र नव्हताच, तो माझा प्रबंध होता.

मी विचारलं, "हे बंद कुणी केलं?"

"मीच की," अप्पा म्हणाले. हातात अजून विभूतीचं ताट होतं, चेहरा प्रसन्न होता.

"चालू होतं ते, अप्पा."

"चालू होतं म्हनून तर बंद केलं. बंद हाय त्याला इश्रांती काय द्यायची?"

यावर तुम्ही काय बोलाल? मी बरंच बोलले. पाहुणे होते, पूजा नुकतीच झाली होती, कशाचाही विचार न करता बोलले. दिवस वाया गेले, हिशेब आता वेळेत संपत नाही, नोकरी गेली, सगळं गेलं. अप्पांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता कशी उतरत गेली ते मी बघत होते आणि तरी थांबत नव्हते. मग मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

पाहुण्यांत मंद्रूपचे मामा होते, अव्वाचे थोरले भाऊ. दर खंडेनवमीला ते शेतातली वांगी पोत्यात घालून आणतात. आणि आमच्याकडं त्या दिवशी हुग्गी असते, म्हणजे गव्हाची खीर. तर मामांनी कारखान्यात अप्पांच्या हातून हुग्गी घेतली, निरोप घेतला, पुढच्या दारानं निघाले, आणि बोळाला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले. बहिणीला न भेटता कसं जाणार. अव्वाला वाटलं हे आत्ताच येत आहेत. तिनं पाट मांडला, भरून वाटी दिली. मामा "साकु, साकु" म्हणत होते, म्हणजे पुरे पुरे, आणि वाटी पुढंच करत होते. ते पुढं खाऊन आलेत हे मला आतून ऐकू आलं होतं, पण मी इतकी फुगून बसले होते की अव्वाला सांगितलंही नाही.

शेवटी हुग्गी कमी पडली. खरकट्या वाट्या बघून अव्वा म्हणाली, मी धरलं होतं त्यापेक्षा एक माणूस जास्त जेवून गेलं. अप्पा म्हणाले, दारात मी उभा होतो, जास्तीचं कुणी आलेलं नाही. दोघं वाद घालत राहिले. दोघांचंही बरोबर होतं.

वर्गात मुलांना हा प्रसंग सांगताना मी म्हणते की मामांच्या वाटीकडं बघताक्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलांना असं आवडतं. खरं म्हणजे तेव्हा माझ्या डोक्यात फक्त राग होता.

प्रकाश दुसऱ्या दिवशी पडला, दसऱ्याला, तोही नाइलाजानं. हिशेब संपणार नव्हता. हातात होतं ते अर्धवट. कंप्युटर मधे मधे लाटेची स्थिती साठवून ठेवायचा, पण मी त्या स्थिती कधी उघडून बघत नसे. भात शिजताना झाकण काढू नये तसं. आता दुसरं काही नव्हतंच, म्हणून पडद्यावरची विभूती हळूच पुसली आणि अर्धवट लाट उघडली.

लाट स्फटिकावर आपटून परत निघाली होती. स्फटिकापाशी काही उरलं नव्हतं, सगळी लाट वाटेला लागलेली. आणि शिखरं होती तीन. कडेची दोन होती, पण एवढीएवढीशी. जायचं ते सगळं निघून गेलं होतं, मग माझी ताठ शिखरं येणार होती कुठून?

इथं माझ्या पेटीबद्दल सांगायला हवं. कंप्युटरमधे आपण अणूसाठी एक पेटी कल्पनेनं काढतो. तळाशी स्फटिक, वर झाकण. लाट तळाशी आपटून वर जाते. खऱ्या जगात ती पुढं निघून गेली असती, पण इथं झाकण आहे, त्याला थडकून ती परत खाली येणार. तसं होऊ नये म्हणून झाकणाखाली एक पट्टी ठेवतात. ती आलेली लाट हळूहळू शोषून घेते. पट्टी रुंद ठेवली तर पेटी मोठी होते आणि हिशेबाला वेळ लागतो. म्हणून सर म्हणाले होते, पट्टी जरा कमी कर, लवकर होईल. मलाही लवकरच हवं होतं.

मी आधीच्या, पाच शिखरांच्या हिशेबातल्या मधल्या स्थिती एकामागून एक उघडल्या. लाट वर गेली, पट्टीत बरीचशी मुरली. पण जी उरली ती झाकणाला थडकली, खाली आली, आणि स्फटिकावर दुसऱ्यांदा आपटली. कडेची दोन शिखरं त्या दुसऱ्या आपटण्यानं उंच झाली होती. तेव्हा मला मामा आठवले. पुढच्या दारानं निरोप घेऊन मागच्या दारानं आलेले, दुसरी वाटी घेणारे. आम्ही एकाच पाहुण्याला दोनदा मोजलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. भीती वाटत होती, खरंच सांगते. शोध गेला म्हणजे सांगण्यासारखं काय उरलं?

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आधीचा आलेख आहेच आपल्याकडं, या वेळी तोच दाखव, पट्टीचं नंतर बघू. ते वाईट माणूस नाहीत, माझी मुदत त्यांनाही ठाऊक होती. फोन ठेवल्यावर मलाही तसंच वाटलं, की दाखवावा. दुपारी घरचे सगळे आपट्याची पानं वाटायला बाहेर पडले. मी जाळी मोठी केली म्हणजे हिशेब लवकर संपेल, आणि पट्टी भरपूर रुंद केली. ते सोनं घेऊन परत यायच्या आत माझी दोन शिखरं बसली. अप्पांनी माझ्या हातात पान ठेवलं आणि पडद्याकडं न बघता निघून गेले. आदल्या दिवसापासून ते माझ्या कोपऱ्याकडं बघतच नव्हते. चूक माझ्या पट्टीची होती, आणि खाली मान घालून ते फिरत होते. ते पान हातात धरून मी पाच शिखरांचा आलेख दाखवायचा विचार सोडून दिला.

सादरीकरणाला अप्पा आले. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर पेढ्यांचे खोके. मागच्या बाकावर बसले. मी पाच शिखरं दाखवली, मग तीन दाखवली, आणि सांगितलं की ही दोन हेलियमची नाहीत, आमच्या पेटीची आहेत. सर छताकडं बघत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे तुमच्या लक्षात कसं आलं? मी म्हणाले, अर्धवट हिशेब उघडून बघितला. ते म्हणाले, अर्धवट कुणी उघडत नाही, तुम्ही का उघडला?

"खंडेनवमी होती, सर," मी म्हणाले. "घरी यंत्र बंद होतं."

सगळे हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, प्रबंधाच्या बाकीच्या प्रकरणांतही पट्टी अशीच अरुंद आहे का? एका प्रकरणात होती. मी हो म्हणाले. मग त्यांनी ते प्रकरण रुंद पट्टीनं पुन्हा करायला सांगितलं आणि त्यासाठी मुदत मिळावी अशी शिफारस केली. नोंदणी वाचली. मुलाखत मात्र त्या वर्षी हुकली. दुसरं कुणीतरी लागलं. मला वाईट वाटलं, अजूनही ती मुलाखतीची खोली दिसली की वाटतं.

परत येताना स्कूटरवर मी मागं बसले होते, पेढ्यांचे खोके मांडीवर. रेल्वेच्या पुलावर अप्पांनी स्कूटर हळू केली. मग मान न वळवता म्हणाले,

"माज्या पूजेनं गेली व्हय गं तुजी शिखरं?"

एवढी वर्षं मी शिकवते, पण इतकं अवघड कुणी विचारलं नव्हतं.

"ती नव्हतीच, अप्पा. पूजेमुळं दिसलं की नव्हती."

"आन् ती तीन?"

"ती खरी."

अप्पांनी एका हातानं कपाळावरची विभूती चाचपली. "तीन बरोबर हायत की," ते म्हणाले. घरी पोचल्यावर त्यांनी तीन खऱ्या शिखरांबद्दल पेढे वाटले, आणि गल्लीनं ते काही न विचारता खाल्ले.

पुढच्या खंडेनवमीला रुंद पट्टीचा हिशेब चालू होता, त्याच राहिलेल्या प्रकरणाचा. अप्पांनी सगळ्या मशिनींना विभूती लावली, कंप्युटरपाशी आले, आणि लांबूनच हात जोडले. म्हणाले, ह्ये चालू ऱ्हाऊ दे. आयुष्यभराचा नेम ते मोडत होते आणि मला जड वाटू नये म्हणून सहज बोलत होते.  तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वा म्हणाली, मग माझ्या मिक्सरनं काय पाप केलंय? अप्पांनी एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं, एकदा कंप्युटरकडं. ते ताट घेऊन तसेच उभे राहिले.

मी लाट साठवली आणि वायर माझ्या हातानं काढली. अप्पांनी पडद्यावर तीन पट्टे ओढले. अव्वा कानडीत बोलत खलबत्त्याकडं वळली. नंतर मामा पुढच्या दारानं निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले, बोलत बोलत त्यांना कोपऱ्यापर्यंत नेलं आणि रिक्षात बसवून दिलं. त्या वर्षी हुग्गी पुरली.

दसऱ्याच्या सकाळी मी वायर लावायला वाकले तर अप्पा चहा घेऊन मागं उभे. म्हणाले, "पुढं चालवायच्या आधी उगडून बग की, कुटवर आलंय."

मी अर्धवट लाट उघडली. अप्पांनी चष्मा लावला आणि पडद्याला बोट लावून शिखरं मोजली. तीन होती. त्यांनी पुन्हा एकदा मोजली, चहाचा कप माझ्याकडं दिला, आणि आपली मशीन चालू करायला गेले.